परसबागेतली उन्हाळी भाजी निखाऱ्यावर भाजताना: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे गेला की परसातली आणि गच्चीवरची भाजी बदलते. वांगी लहान राहतात, साल जाड होते, भेंडी पटकन जून होते, दोडका एखादा कडू निघतो. या भाजीत मुळात पाणी कमी असतं, त्यामुळे थंड हवेतल्या भाजीच्या वेळा लावून ती भाजली की बाहेरून करपते आणि आतून चिवट राहते. खालची उत्तरं अशा कमी पाण्याच्या भाजीसाठी आहेत.

उन्हाळ्यात परसबागेतल्या कोणत्या भाज्या भाजायला चांगल्या?

वांगी, भेंडी, ढोबळी मिरची, हिरवी मिरची, कांदा, टोमॅटो, तांबडा भोपळा, कोवळा दोडका आणि मका. कारल्याच्या चकत्या भाजून उत्तम लागतात, फक्त आधी मीठ लावून पिळून घ्याव्या लागतात. गवार भाजता येते, पण शेंगा जाळीतून खाली पडतात आणि बारीक असल्यामुळे क्षणात कोळसा होतात. गवारीला तवाच बरा. पालेभाज्या निखाऱ्यावर घालू नका. कांद्याची पात मात्र बुंध्यासकट अख्खी भाजली तर २ मिनिटांत तयार होते आणि भाकरीबरोबर फार छान लागते.

भाजी कधी तोडावी? संध्याकाळी भाजायची तर संध्याकाळीच तोडली तर चालेल का?

सकाळी ८ च्या आत तोडा, भाजायची संध्याकाळी असली तरी. रात्रभरात झाड पाणी ओढून घेतं, त्यामुळे पहाटे फळ सगळ्यात भरलेलं असतं. दुपारी चारला तोडलेलं वांगं हाताला गरम लागतं आणि टोपलीत ठेवल्यावरही सुकत राहतं. सकाळी तोडलेली भाजी ओल्या बारदानात किंवा सुती फडक्यात गुंडाळून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, माठाशेजारी ठेवा. याला टोमॅटो अपवाद आहे, तो ओल्या फडक्यात ठेवला तर देठाशी कुजायला लागतो. भेंडीही वरून ओली राहता कामा नये. ती कोरड्या फडक्यात गुंडाळून मग वरून ओलं बारदान घाला.

तोडायच्या खुणा अशा. वांग्याची साल चकाकत असावी आणि बोटाने दाबल्यावर खड्डा हळूहळू भरून यावा. खड्डा तसाच राहिला आणि साल मळकट दिसली तर आत बी पक्कं झालेलं असतं आणि भरीत कडवट होतं. भेंडीचं टोक कट्कन मोडलं पाहिजे. या उन्हात भेंडी एक दिवसाआड तोडलीच पाहिजे, तिसऱ्या दिवशी तिच्यात दोरे तयार होतात आणि ते कितीही भाजून मऊ होत नाहीत. मक्याची शेंडी तपकिरी झालेली असावी आणि दाण्यात नख खुपसल्यावर पांढरं दूध यावं. पाणी आलं तर कणीस कच्चं आहे, काहीच आलं नाही तर उशीर झाला.

भाजी मलूल झाली आहे. तशीच भाजली तर काय होतं?

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. भाजताना भाजीतलं स्वतःचं पाणी आतल्या आत वाफ होऊन गर शिजवतं. ते पाणी आधीच उडालेलं असेल तर गर शिजायच्या आत साल जळते. मलूल वांगी, दोडका, ढोबळी मिरची, मक्याची कणसं माठाच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. मग पुसून पूर्ण कोरडी करा. पाणी आत हवं, सालीवर नको. सालीवरचं पाणी आधी उकळून जातं, तोवर डाग पडत नाहीत आणि भाजी भाजण्याऐवजी उकडल्यासारखी लागते. भेंडी पाण्यात ठेवू नका.

दोन-तीन दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या भागात झाडांना रोज भरपूर पाणी देणं शक्य नसतं. अशा वेळी तोडणीच्या आदल्या संध्याकाळी त्या झाडांना आळ्यात व्यवस्थित पाणी द्या आणि वर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला. दुसऱ्या दिवशी फळात फरक दिसतो.

दोडका, दुधी, काकडी कडू लागली तर भाजल्यावर कडूपणा जातो का?

जात नाही, आणि हा प्रश्न फक्त चवीचा नाही. या वेलांत कुकुर्बिटासिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पाण्याचा ताण आणि कडक ऊन पडलं की काही फळांत त्याचं प्रमाण वाढतं. उष्णतेने ते नष्ट होत नाही, मीठ लावून किंवा पिळूनही पूर्ण निघत नाही. कडू दुधी खाऊन किंवा त्याचा रस पिऊन रक्ताच्या उलट्या, जुलाब आणि मृत्यूही झालेले आहेत.

म्हणून नियम एकच ठेवा. दोडका, दुधी, घोसाळं, काकडी, भोपळा चिरल्यावर देठाकडची एक छोटी फोड जिभेवर ठेवून बघा. कडू लागली तर लगेच थुंकून टाका आणि ते फळ पूर्ण फेकून द्या. जनावरालाही घालू नका. मसाला लावण्याआधीच ही तपासणी करायची, कारण तिखट-मीठ आणि धुराच्या वासात कडूपणा झाकला जातो. मसाल्याच्या भांड्यात सगळ्या फोडी एकत्र झाल्यावर कडू फळ कोणतं हे शोधता येत नाही. कारल्याचा कडूपणा वेगळा आणि नेहमीचा आहे, त्याला हा नियम लागू नाही.

वांग्यात अळी असेल तर अख्खं वांगं भाजायचं कसं?

घरच्या वांग्यावर शेंडा व फळ पोखरणारी अळी बहुतेक येतेच. बाहेरून एखादंच बारीक भोक दिसतं, कधी तेही भरून आलेलं असतं. त्यामुळे वांगं देठ ठेवून उभं चिरा, चार फाका उघडून आत नीट बघा आणि मगच निखाऱ्यावर ठेवा. काळी पोखरण दिसली तर तेवढा भाग काढून बाकीच्या फोडी भाजता येतात. चिरलेलं वांगं फुटतही नाही. अख्खंच भाजायचं असेल तर सुरीच्या टोकाने ४-५ ठिकाणी टोचा. न टोचलेलं वांगं वाफ कोंडून फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो.

फवारणी केली असेल तर बाटलीवर लिहिलेला काढणीपूर्वीचा कालावधी पूर्ण होऊ द्या. विस्तवावर औषध जळून जातं हा समज चुकीचा आहे. निंबोळी तेल फवारलं असेल तरी वांगी चोळून धुवा, नाहीतर तो वास भरतात उतरतो.

कोळसा कोणता वापरावा? लाकूड चालेल का?

बाभळीचा किंवा वेड्या बाभळीचा लाकडी कोळसा सगळ्यात चांगला. तो जड असतो, आच बराच वेळ एकसारखी राहते आणि ठिणग्या कमी उडतात. हलका, पोकळ वाजणारा कोळसा लवकर पेटतो आणि अर्ध्या वाटेत विझतो. दगडी कोळसा अन्नाखाली कधीच नको.

तुराट्या आणि करवंट्या पेटवण्यासाठी उत्तम आहेत, भाजण्यासाठी नाहीत, कारण त्यांची ज्वाळा उंच आणि आच थोडा वेळ टिकणारी. गोवऱ्यांच्या आगटीत हुरडा भाजायची सवय आपल्याकडे आहेच. त्याच आगटीत सालीसकट वांगी, कांदे आणि लसणाचे गड्डे घातले तर सुरेख भाजतात, कारण साल शेवटी निघून जाते. चिरलेल्या, तेल लावलेल्या फोडींना मात्र गोवरीची राख चिकटते.

कण्हेर आणि रुई यांची लाकडं, काड्या किंवा पानं अन्नाजवळ आणू नका, दोन्ही विषारी आहेत. कुंपणाची छाटणी म्हणून कण्हेरीच्या सरळ फांद्या हाताशी असतात आणि सळईसारख्या वापरायचा मोह होतो, म्हणून हे मुद्दाम सांगावं लागतं. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या खोक्यांच्या फळ्या हेही जाळू नका.

निखारे तयार व्हायला किती वेळ लागतो आणि कोळसा किती लागतो?

साधारण ३० बाय ४५ सेंमीच्या शेगडीला दीड किलो कोळसा पुरतो. त्यात चार-पाच माणसांची भाजी, म्हणजे दीड ते दोन किलो, दोन खेपांत होते. खाली करवंट्यांचे तुकडे आणि कागद, वर कोळशाचा ढीग रचा आणि कडेने पेटवा. रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नका, धोका आहेच, शिवाय तो वास भाजीतून जात नाही. २० ते ३० मिनिटांत कोळशावर राखाडी-पांढरा थर येतो. तोवर भाजी ठेवायची नाही. काळा कोळसा दिसतोय तोपर्यंत कडवट धूर येत राहतो.

मग निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. शेगडीच्या दोन तृतीयांश भागात जाड थर, उरलेल्या एक तृतीयांश भागात एकही निखारा नको. ही रिकामी बाजू म्हणजे भाजीला बाजूला सरकवायची जागा. बाहेरून डाग पडलेत पण आत कच्चं आहे, अशी प्रत्येक भाजी इथे येऊन शिजते.

आच किती आहे हे कसं ओळखायचं?

जाळीपासून १२ ते १५ सेंमी वर तळहात धरा आणि सेकंद मोजा. २-३ सेकंदांत हात काढावा लागला तर आच कडक, ४ ते ६ सेकंद टिकला तर मध्यम, ७-८ च्या पुढे गेला तर मंद. वारा असेल तर दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण वाऱ्याच्या बाजूचे निखारे जास्त फुललेले असतात.

कोणती भाजी किती वेळ भाजायची?

जाळी निखाऱ्यांपासून ८ ते १० सेंमी वर आहे असं धरून या वेळा दिल्या आहेत.

भरताचं २५० ते ३०० ग्रॅमचं वांगं मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं घेतं. दर ४-५ मिनिटांनी फिरवा. देठाजवळचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो, तिथे सुरी लोण्यासारखी गेली की झालं. उन्हाळ्यातली लहान, १०० ग्रॅमच्या आसपासची वांगी १० ते १२ मिनिटांत होतात, जास्त ठेवली तर गर आटून साल तेवढी उरते. वांग्याच्या चकत्या सव्वा सेंमी जाड कापा, मीठ लावून १५ मिनिटं ठेवा, पुसा, तेल लावा आणि दोन्ही बाजूंनी ४-५ मिनिटं भाजा. याहून पातळ कापल्या तर पापड होतो.

भेंडी अख्खीच भाजायची, ६ ते ८ मिनिटं, कडक ते मध्यम आचेवर. कांदा मुळाकडचा भाग न काढता चार फोडींत कापा म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. १० ते १२ मिनिटं, निम्मा वेळ रिकाम्या बाजूला. तांबड्या भोपळ्याच्या सालीसकट १ सेंमी फोडी, दोन्ही बाजूंनी ५-६ मिनिटं. दोडक्याच्या शिरा तासून दीड सेंमी जाड तिरप्या चकत्या, ३ मिनिटं एका बाजूला, २ दुसऱ्या. कारल्याच्या अर्धा सेंमी चकत्या मीठ लावून २० मिनिटांनी पिळा आणि मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत ठेवा, कडक आचेवर त्या आत ओल्या आणि बाहेर काळ्या होतात.

मक्याचं कणीस पाल्यासकट २० मिनिटं पाण्यात भिजवा आणि मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटं फिरवत भाजा. पाला सोलून थेट भाजलं तर ८ ते १० मिनिटं. हिरव्या मिरचीला एक टोचा मारा, ३-४ मिनिटं पुरे.

टोमॅटो उन्हाळ्यात लाल होतच नाहीत आणि जाळीवर फुटतात. काय करावं?

तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की टोमॅटोत लाल रंग नीट तयार होत नाही, म्हणून झाडावर ठेवून ते पिवळट-नारिंगीच राहतात. रंग फिरायला लागला की तोडा आणि घरात सावलीत एका थरात पिकू द्या. भाजायला घट्ट टोमॅटोच घ्या. आडवे अर्धे करून आधी कापलेली बाजू ३ मिनिटं, मग उलटून सालीकडून ५ मिनिटं. एकदाच उलटा. मऊ टोमॅटो जाळीवर टिकत नाही, तो लोखंडी तव्यात टाकून चटणीला वापरा.

ढोबळी मिरचीची साल नीट निघत नाही.

आच कमी पडते. अख्खी मिरची कडक आचेवर सगळ्या बाजूंनी काळी होऊ द्या, १० ते १२ मिनिटं. लगेच पातेल्यात घालून झाकण ठेवा. १० मिनिटांत वाफेने साल सुटते, बोटांनी ओढली की येते. नळाखाली धरून सोलू नका, भाजलेली चव पाण्याबरोबर वाहून जाते. उन्हाने फळावर कागदासारखा पांढरा चट्टा पडला असेल तर तो आधी कापून टाका, तिथला गर भाजून चिवट होतो. असे चट्टे वारंवार येत असतील तर झाडांवर ५० टक्के सावलीची शेडनेट लावा.

भेंडी भाजली तरी तार सुटते.

भेंडी चिरली किंवा ओली राहिली की तार सुटते. धुऊन, पुसून, अर्धा तास पसरून वाळवा. देठाची टोपी फक्त तासा, आतली पोकळी उघडू नका. ८-१० भेंड्या शेजारी शेजारी ठेवून दोन समांतर सळया घाला, एक देठाकडे आणि एक टोकाकडे. शिडीसारखा तो पट्टा एका हिसक्यात उलटतो, एकेक भेंडी गरगर फिरत बसत नाही. बांबूच्या काड्या असतील तर आधी अर्धा तास पाण्यात भिजवा.

मसाला आधी लावायचा की नंतर? शेंगा चटणी लावून भाजली तर?

शेंगा चटणी नंतरच. दाण्याचा कूट, लाल तिखट आणि लसूण निखाऱ्यावर सगळ्यात आधी जळतात आणि सगळी भाजी कडवट करतात. अर्धा किलो चिरलेल्या भाजीला २ मोठे चमचे तेल, पाऊण छोटा चमचा मीठ आणि अर्धा छोटा चमचा जिरेपूड एवढंच आधी लावा. भाजी उतरवून गरम असतानाच परातीत घ्या, त्यावर ठेचलेला लसूण, २ मोठे चमचे शेंगा चटणी आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून हलवा. गरम भाजीवर चटणीतलं तेल सुटतं आणि ती सगळीकडे लागते.

तेल करडईचं किंवा शेंगदाण्याचं, दोन्ही चालतात. घाण्याचं तेल लवकर धुरावतं, म्हणून भाजायला शुद्ध केलेलं तेल घ्या आणि घाण्याचं वरून सोडा. वांग्याच्या आणि कारल्याच्या चकत्या सोडल्या तर मीठ भाजी जाळीवर ठेवायच्या आधी दोन मिनिटं लावा. अर्धा तास आधी लावलं तर आधीच कमी असलेलं पाणी भांड्यात उतरतं.

भाजी जाळीला चिकटते.

जाळी थंड किंवा घाण आहे, किंवा तुम्ही घाई करताय. रिकामी जाळी ५ मिनिटं निखाऱ्यावर तापवा, तारेच्या ब्रशने घासा, अर्धा कांदा काट्यात खोचून तेलात बुडवून तिच्यावर फिरवा. भाजी ठेवल्यावर किमान २ मिनिटं हात लावू नका. खालची बाजू भाजली की ती आपोआप सुटते. तेल भाजीला लावा, जाळीवर ओतू नका. ओतलेलं तेल निखाऱ्यावर पडून भडका उडतो आणि काजळी भाजीवर बसते.

फ्लॅटमध्ये राहतो. घरात शेगडी पेटवली तर चालेल का?

नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो आणि बंद खोलीत जीव जातो. खिडकी उघडी ठेवली म्हणून धोका टळत नाही. काचा लावलेली बाल्कनीही बंद खोलीच समजा. विझत आलेली शेगडी रात्री घरात आणून ठेवणंही तितकंच घातक आहे.

घरात गॅसवर भाजा. वांगं, ढोबळी मिरची, मका थेट ज्योतीवर जाळी ठेवून होतात, वांग्याला १२ ते १५ मिनिटं. चकत्यांना बिडाचा जाड तवा घ्या, ५ मिनिटं तापवा आणि एका वेळी एकच थर ठेवा. धुराचा वास हवाच असेल तर भाजलेली भाजी पातेल्यात घ्या, मधे वाटीत फुललेला एक निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि ३ मिनिटं झाकण ठेवा.

गच्चीवर किती वाजता पेटवावं?

मेमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. साडेसहाला कोळसा पेटवला की सातला निखारे तयार असतात. शेगडी थेट फरशीवर ठेवू नका, तापून फरशी तडकते, खाली विटांचा थर द्या. शेडनेट आणि वाळलेल्या पाल्यापासून किमान ३ मीटर लांब राहा आणि एक बादली पाणी किंवा माती शेजारी ठेवा. वळिवाचं वारं सुटलं की ताबडतोब थांबा. त्या वाऱ्यात ठिणगी शेजारच्या गच्चीवर जाते.

कशाबरोबर वाढावं?

ज्वारीची भाकरी, घट्ट दही, कांदा. कडक भाकरी असेल तर भाजलेला टोमॅटो, मिरच्या आणि लसूण मीठ घालून हाताने कुस्करा आणि भाकरीचा चुरा त्यात १० मिनिटं मुरू द्या. भरतासाठी वांगी सोलून ठेचायची, वाटायची नाहीत. मिक्सरमधून काढलं की बिया फुटून भरीत कडवट आणि चिकट होतं.

उरलेली भाजी किती वेळ टिकते?

या हवेत बाहेर एक तास, त्याहून जास्त नको. फ्रिजमध्ये झाकून २ दिवस. दही घातलेलं भरीत त्याच दिवशी संपवा.

राख कुंड्यांत टाकू का?

सोलापूरच्या बहुतेक परसांत काळी माती आहे आणि ती मुळातच अल्कधर्मी असते. राखेने ती आणखी तशी होते आणि झाडाला लोह मिळेनासं होतं, नवीन पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. म्हणून ढीगभर राख मातीत मिसळू नका. पूर्ण विझलेली, चाळलेली राख कंपोस्टच्या थरांमध्ये मूठभर टाका. मावा आला असेल तर सकाळी दव असताना वांग्याच्या पानांवर पातळ धुरळा मारा आणि दोन दिवसांनी पानं धुवा. राख डब्यात भरण्याआधी रात्रभर पत्र्याच्या घमेल्यात उघडी राहू द्या, आत एखादा निखारा सकाळपर्यंत जिवंत असतो.